दिसतंय खरं, पण कुणाला?

वाचकाचं पत्र

मॅडम, नमस्कार. मी मूळची पिंपरीची. बीई मेकॅनिकल झाल्यावर पुण्याच्या मॅक्समुलर भवनात जर्मन शिकले आणि आता श्टुटगार्टजवळ रबरी सील बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. आमचा एक प्लँट चाकणला आहे. तक्रार आली की ग्राहकासाठी जर्मनमध्ये एट-डी रिपोर्ट (तक्रारीतला दोष, कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारा कागद) आणि चाकणला इंग्रजीत मेल, दोन्ही मीच लिहिते.

मध्यंतरी एका ग्राहकाचे पंप गळत होते. परत आलेली सील रिंग मी मायक्रोस्कोपखाली पाहिली, तर कडेला चीर. फोटो जोडून मी लिहिलं, 'वी मान झीट', म्हणजे दिसतंच आहे की, रिंग पंपात बसवताना कापली गेली. रिंग बसवतात ग्राहकाची माणसं. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: 'वेर झीट दास?' कुणाला दिसतंय? त्याच आठवड्यात दुसऱ्या लॉटबद्दल चाकणला लिहिलं, 'ॲज यू कॅन सी, फ्लॅश नीट ट्रिम झालेलं नाही.' फ्लॅश म्हणजे मोल्डमधून निघालेल्या रबराच्या कडेला उरलेलं जादा रबर. तिथल्या सीनियर सरांचा फोन आला, 'आम्हाला दिसत नाही असं म्हणायचंय का?' मग मी धसका घेऊन जिथे तिथे 'इट सीम्स टू मी' आणि 'मीर शाइन्ट' घालायला लागले. तर बॉस म्हणतात, हा रिपोर्ट आहे की तुझं मत? व्याकरण तर कुठेच चुकलेलं नाही. मग बिनसतंय कुठे?

उत्तर

तुमचं व्याकरण खरंच चुकलेलं नाही. गोंधळ झालाय तो साक्षीदाराचा. 'दिसतं' या क्रियापदाच्या शेजारी तुम्ही ज्याला उभं करता, मग तो 'मी' असो, 'तुम्ही' असो, 'आपण' असो की 'कुणीही', त्याच्या नावावर तो पुरावा जमा होतो. पंचनाम्यासारखं आहे हे: वस्तू तीच, पण खाली सह्या कुणाच्या त्यावर कागदाचं वजन ठरतं. 'वी मान झीट' लिहून तुम्ही ग्राहकाची सही त्याला न विचारता ठोकून दिलीत, आणि तीही त्याच्याच विरुद्ध जाणाऱ्या कागदावर. 'कुणाला दिसतंय' असं तो विचारणारच. माझ्या मते त्याने विचारलं ते बरंच केलं. गप्प बसून त्याने तुमचा रिपोर्टच नामंजूर केला असता तर तुम्हाला कारणही कळलं नसतं.

आधी त्या फोटोकडे या. फोटोत चीर दिसते. ती कधी पडली हे फोटोत दिसत नाही, ते तुम्ही ताडलंत. चिरेची कड धारदार आहे. मोल्डमध्ये रबर नीट वाहिलं नसतं तर खूण उथळ आणि गोलसर कडांची झाली असती. म्हणजे बसवताना कुठल्या तरी धारेवर रिंग घासली असणार. तर्क चांगला आहे, बहुधा बरोबरही असेल. पण तो तर्क आहे, आणि तुम्ही तो 'झीट'च्या पोटात घालून पाठवलात.

यात तुमचा एकटीचा दोष नाही. डोळ्यांची क्रियापदं डोक्यात शिरतातच. इंग्रजीत 'आय सी' म्हणजे अर्ध्या वेळा 'आलं लक्षात'. विबर्ग या स्वीडिश भाषाशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात पन्नासेक भाषांमधली इंद्रियांची क्रियापदं तपासली, तेव्हा नजरेचं क्रियापद सगळ्यांच्या वर बसलेलं निघालं: ते इतर इंद्रियांची कामं उचलतं, उलटं सहसा होत नाही. आपण 'चव घेऊन बघ', 'वास घेऊन बघ', 'हाक मारून बघ' म्हणतोच की. तेव्हा 'पाहिलं' म्हटल्यावर त्यात डोळा किती आणि डोकं किती, हे दरवेळी सोडवून घ्यावं लागतं.

जर्मनमध्ये ते सोडवायला एक सुरेख सोय आहे, आणि भारतात शिकलेले बरेच जण ती वापरत नाहीत. 'इश हाबं गझेएन', म्हणजे मी पाहिलं, यापुढे 'वी' (कसं) जोडलं तर घटना डोळ्यांसमोर घडली. 'दास' (की) जोडलं तर ती घडल्याचं कळलं, खुणांवरून का होईना. 'मी पाहिलं, तो रिंग कशी बसवत होता ते' आणि 'मी पाहिलं की त्याने रिंग बसवलेली आहे'. इंग्रजीत हीच फोड वेगळ्या तऱ्हेने होते: 'आय सॉ हिम फिट द रिंग' म्हणणारा तिथे हजर होता, 'आय सॉ दॅट ही हॅड फिटेड द रिंग' म्हणणारा नंतर पोचला असला तरी चालतं. आणि आपल्याकडे? 'त्याला रिंग बसवताना पाहिलं' आणि 'त्याने रिंग बसवल्याचं पाहिलं'. तुमच्या कानाला हा फरक लहानपणापासून आहे. तो फक्त जर्मनमध्ये न्यायचा राहिलाय. तुमच्या प्रकरणात तर 'वी' चालणारच नाही, कारण ग्राहकाच्या लाइनवर तुम्ही उभ्या नव्हता.

आता सर्वनामांकडे. काही भाषांमध्ये ही कटकटच नसते. तुर्कीत 'तो आला' हे स्वतः पाहून म्हणायचं असेल तर 'गेल्दी', ऐकीव असेल किंवा दारातल्या चपलांवरून ताडलं असेल तर 'गेल्मिश'. प्रत्ययच सांगतो की बोलणाऱ्याला हे कुठून कळलं. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या काही भाषांत तर असा प्रत्यय लावल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. मराठीत पूर्ण यंत्रणा नाही, पण 'म्हणे' आहे: 'तो आला म्हणे' म्हटलं की जबाबदारी आपली राहत नाही. इंग्रजी आणि जर्मनकडे असे प्रत्यय नाहीत. म्हणून तिथे हे काम 'पाहणे, ऐकणे, भासणे' या क्रियापदांना आणि त्यांच्या शेजारच्या सर्वनामांना वाटून घ्यावं लागतं. बेल्जियममधल्या अँटवर्पचे भाषाशास्त्रज्ञ यान नॉइट्स यांनी यातला नेमका धागा पकडला. त्यांचं म्हणणं, वाक्य किती ठाम आहे हा एक प्रश्न आणि पुरावा एकट्याचा आहे की सगळ्यांचा मिळून, हा दुसराच प्रश्न. एखादी गोष्ट तुम्ही अगदी ठामपणे पण एकट्याच्या जिवावर म्हणू शकता. आणि अगदी सावधपणे, पण 'हे तुम्हालाही तपासता येईल' अशा बेताने. रिचर्ड व्हिट यांनी इंग्रजी आणि जर्मनमधल्या इंद्रियांच्या क्रियापदांवर याच अंगाने काम केलंय.

तुमची गाडी इथेच रुळावरून घसरली. ग्राहक म्हणाला, पुरावा सगळ्यांचा नाही. तुम्ही ऐकलंत, आपण फार ठाम बोललो. म्हणून ठामपणा कमी केलात. प्रश्न वेगळा होता, औषध भलतंच दिलंत.

'मान' हे फार सोयीचं सर्वनाम आहे आणि म्हणूनच धोक्याचं. त्याला चेहरा नाही. 'मान झीट' म्हणजे 'कुणीही पाहावं, त्याला दिसेल'. पाककृतीत, प्रवासवर्णनात, यंत्राच्या माहितीपुस्तकात ते शोभतं, कारण तिथे वाचणारा खरोखरच जाऊन पाहू शकतो. तक्रारीच्या कागदात मात्र 'कुणीही'मध्ये समोरचा आपोआप ओढला जातो. त्याला दिसलं नाही तर तो आंधळा ठरतो आणि दिसलं तर दोषी. दोन्हीकडून अडकवलेला माणूस 'वेर झीट दास' असंच खेकसेल.

इंग्रजीतला याचा अधिकृत जोडीदार 'वन'. तो आता फार ताठ वाटतो, रोजच्या लिखाणात त्याची जागा 'यू'ने घेतलीय. आणि चाकणच्या फोनचं मूळ इथेच आहे. इंग्रजी 'यू' दोन पदरी आहे: एकदा तो 'मान' असतो, म्हणजे कुणीही, एकदा तो 'झी' किंवा 'डू', म्हणजे समोर बसलेले साक्षात तुम्ही. जर्मनमध्ये लिहिताना यातला एक निवडावाच लागतो. बोलण्यात 'डू'सुद्धा 'कुणीही' या अर्थाने येतो, पण ज्याला 'झी' म्हणायचं त्या ग्राहकाच्या कागदात नाही. इंग्रजीत निवड वाचणाऱ्यावर सोडलेली असते, आणि ज्याच्या मालात खोट निघालीय तो वाचणारा 'यू'चा अर्थ 'तुम्ही' असाच लावणार. तुमच्या मनात होतं 'फोटोत दिसतं'. सरांनी वाचलं 'अहो, तुम्हाला दिसतंय ना?'

त्यातून 'ॲज यू कॅन सी'ला ऑफिसच्या इंग्रजीत एक वास चिकटलाय. 'ॲज यू कॅन सी फ्रॉम माय मेल बिलो' असं कुणी लिहिलं की आपण मनात म्हणतो, आला टोमणा. 'कॅन' हा शब्द खरं तर बिचारा निमंत्रण देणारा आहे: पाहायचं तर पाहता येईल, सोय केलेली आहे. सादरीकरणात, धड्यात, शेजारी उभं राहून दाखवताना तो गोड लागतो. चूक उघडी करणाऱ्या वाक्यात तोच बोट दाखवतो. मग सरळ फोटोलाच कर्ता करा: 'फिगर टू शोज फ्लॅश ऑन द इनर एज.' कुणाला दिसतंय हा प्रश्नच नाही, फोटो दाखवतोय. आणि लगेच पुढे विचारा: 'डू यू सी द सेम ऑन पार्ट्स फ्रॉम धिस लॉट ॲट युअर एंड?' क्रियापद तेच 'सी', सर्वनाम तेच 'यू', पण आता ते प्रश्नात आहेत. सरांना साक्षीदार करायचं तर त्यांना आधी पाहू द्यायला हवं.

'वुई' आणि 'वीर'बद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मराठी माणसाने इथे दोन मिनिटं थांबावं. आपल्याकडे 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. 'आम्ही पाहिलं' म्हणताना ऐकणारा बाहेर उभा असतो; 'आपण पाहिलं' म्हणताना तो आत येतो. इंग्रजी आणि जर्मनमध्ये दोन्हींना एकच शब्द. प्रयोगशाळेत सहकाऱ्याच्या शेजारी बसून 'वीर झेएन हीर', इथे दिसतंय, असं म्हटलंत तर ते 'आपण' आहे. तेच वाक्य कंपनीच्या लेटरहेडवरून ग्राहकाला गेलं की 'आम्ही' होतं, कारण अशा पत्रात 'वीर' म्हणजे कंपनी, हे दोन्ही बाजू धरूनच चालतात. म्हणजे मनात 'आपण' धरून लिहिलेलं वाक्य वाटेत 'आम्ही' होऊन पोचतं. यावर तोडगा साधा: आधी मराठीत ठरवा की 'आम्ही' म्हणायचंय की 'आपण'. 'आम्ही' असेल तर 'वीर हाबन फेस्टगश्टेल्ट', म्हणजे आम्हाला तपासणीत आढळलं, असं बिनधास्त लिहा. त्यात लपवण्यासारखं काही नाही. 'आपण' असेल तर 'वीर'वर भिस्त ठेवू नका. 'गमाइनझाम', म्हणजे मिळून, हा शब्द उघड घाला, आणि तोही खरंच मिळून पाहिलं असेल तर. दवाखान्यातल्या 'काय, आज कसं आहे आपलं?' या थाटाचा 'वीर' जर्मनांकडेही आहे, त्याची ते थट्टाच करतात. त्या वाटेला जाऊ नका.

राहिला 'मी'. जर्मन विद्यापीठांतल्या लिखाणात 'इश', म्हणजे 'मी', टाळण्याची जुनी रीत आहे, आणि कारखान्यांच्या कागदांतही ती दिसते. म्हणून सगळे 'एस वुर्डं फेस्टगश्टेल्ट' लिहितात: आढळून आलं. कुणाला? ते कुणीच सांगत नाही. मला ही रीत फारशी रुचत नाही. तुम्ही एकटीनेच मायक्रोस्कोपखाली पाहिलं असेल तर तुमचं नाव तिथे असायला हवं. वाक्यात 'इश' नको असेल तर रिपोर्टमध्ये तपासणाऱ्याचा रकाना असतो, तो भरा. निनावी 'आढळलं'पेक्षा नावासकट 'मला आढळलं' जास्त भरवशाचं असतं, कारण शंका आली तर फोन कुणाला करायचा हे कळतं.

मग 'मीर शाइन्ट' आणि 'इट सीम्स टू मी' यांत वावगं काय? वावगं काही नाही, जागा चुकली. या रचना आपल्याला घरच्या वाटतात, कारण 'मला दिसतं', 'मला वाटतं' यांतला 'मला' तिथे 'मीर' म्हणून जसाच्या तसा बसलेला आहे. जुन्या इंग्रजीतही होता, त्याचं 'मीथिंक्स' पुस्तकांत उरलंय. जर्मनमध्ये त्याचा भाऊ 'मिश ड्युंक्ट', तोही आता नाटकी वाटतो. पण 'मीर' काढलात की काय होतं पाहा. 'दी रिंग शाइन्ट बशेडिग्ट त्सू झाइन', रिंग खराब झालेली दिसते. कुणाला, ते मोकळं सोडलंय, वाचणारा आत येऊ शकतो. 'मीर' घातलात की दार लागलं: हे माझं, तुम्हाला वेगळं वाटू शकतं. बैठकीत मतभेद मऊ करायला ते दार फार उपयोगी पडतं. 'दास झीट फ्युअर मिश नाख आइनम मोंटाजफेलर आउस', मला हे बसवतानाची चूक वाटते, असं तोंडी म्हटलंत तर ग्राहक चिडणार नाही, उलट स्वतःचं म्हणणं मांडेल. पण ज्या चिरेचा फोटो जोडलाय तिच्याबद्दल 'मला भासतं' म्हटलं तर बॉस म्हणणारच, अगं, फोटो आहे ना? जे सगळ्यांना दिसू शकतं त्यावर तुम्ही 'फक्त माझं' असा शिक्का मारलात. म्हणजे पहिल्यांदा एकटीचा तर्क सगळ्यांच्या नावावर टाकलात आणि दुसऱ्यांदा सगळ्यांचा पुरावा एकटीच्या नावावर.

याच कुटुंबातले चार शब्द तुमच्या कामात रोज लागतील. 'आनशाइनन्ट' म्हणजे लक्षणांवरून तसं दिसतंय आणि बहुधा तसंच आहे. 'शाइनबार' म्हणजे तसं भासतं, पण तसं नाही. सूर्य पृथ्वीभोवती फिरतो तो 'शाइनबार'. बोलताना जर्मन माणसं सर्रास गल्लत करतात, ती तुम्ही ऐकली असेल. ऐकून घ्या, लिहिताना करू नका, कारण 'शाइनबार खराब' याचा अर्थ काटेकोर वाचणारा 'खरं तर चांगली' असा लावेल आणि तो कागद तुमच्यावरच उलटेल. 'ऑफनबार' हा उपलब्ध माहितीवरून काढलेला निष्कर्ष, बातम्यांत सतत येतो. आणि 'ऑफनझिश्टलिश' म्हणजे ढळढळीत. त्याच्या पोटातच 'झिश्ट', दृष्टी आहे. समोरचा मान्य करायला तयार नसलेल्या गोष्टीला 'ऑफनझिश्टलिश' म्हणणं म्हणजे पुन्हा 'वी मान झीट'च. इंग्रजीतल्या 'अपॅरंटली'ची गंमत वेगळी आहे. दिसण्यावरून निघालेला हा शब्द आता बोलण्यात बहुतेक वेळा आपल्या 'म्हणे'चं काम करतो: 'अपॅरंटली ही हॅज लेफ्ट द कंपनी', नोकरी सोडली म्हणे त्याने. तपासणीच्या कागदात तुम्ही 'अपॅरंटली क्रॅक्ड' लिहिलंत तर चाकणचे सर समजतील की तुम्ही कुणाकडून तरी ऐकलंय.

एक बारीक गोष्ट, जी जर्मनच्या वर्गात लवकर शिकवत नाहीत. 'या' आणि 'डॉख' हे इवलेसे शब्द 'झेएन'च्या, म्हणजे पाहण्याच्या क्रियापदाच्या, शेजारी बसून सगळा सूर फिरवतात. 'झी झेएन या' म्हणजे 'तुम्ही बघताच आहात', हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे असं गृहीत धरून केलेली सलगी. 'झी झेएन डॉख' म्हणजे 'अहो दिसतंय की तुम्हाला!', यात समोरचा नाकारतोय याची चीड आली. मराठीत 'दिसतंय ना' आणि 'दिसतंय की' यांत जो फरक तुमच्या आईच्या आवाजात ऐकलात, बराचसा तोच. लेखी रिपोर्टमध्ये दोघांनाही मज्जाव. फोनवर 'या' जपून, 'डॉख' ग्राहकाशी नकोच.

बाकीच्या इंद्रियांचं थोडक्यात. फोटोमुळे नजर वाटून घेता येते, बाकीच्यांचं तसं नाही. पंपाचा आवाज ऐकून 'दास ह्योर्ट झिश नाख लागरशाडन आन', बेअरिंग गेल्यासारखा आवाज येतोय, असं मेकॅनिक म्हणतो तेव्हा जोवर रेकॉर्डिंग नाही तोवर तो कान त्याचा एकट्याचा. जळक्या रबराचा वास तर पाकिटात घालून पाठवता येत नाही. बोटाला लागलेला खरबरीतपणाही नाही. म्हणूनच 'फ्युल्ट झिश राउ आन', हाताला खरबरीत लागतं, याच्या जागी कारखान्यात आर-झेड, म्हणजे पृष्ठभागाच्या खरबरीतपणाचं माप, मोजून मायक्रोमीटरमधला आकडा लिहितात. आकडा म्हणजे कुणालाही पुन्हा मोजता येईल असा स्पर्श. तिथे 'मान' वापरायला कुणाची हरकत नसते. आणि 'आय हिअर दॅट' किंवा 'वी इश ह्योरं' हे कानाचं असलं तरी कानाने प्रत्यक्ष ऐकलेलं नव्हे, तो शुद्ध 'म्हणे' आहे. 'आय हिअर द पंप इज लीकिंग' लिहिलंत तर गळतीचा आवाज नाही, गळतीची खबर आली असाच अर्थ होतो.

दुसऱ्याचं पाहणं लिहायचं असेल तेव्हा जर्मन फार काटेकोर होते. लाइनवरच्या वेर्करने, म्हणजे कामगाराने, धूर पाहिल्याचं सांगितलं, तर 'एर हाबं राउख गझेएन' असं लिहा; 'हाट'चं 'हाबं' झालं की पाहणं त्याच्या तोंडी गेलं, तुम्ही खरंही म्हणत नाही आणि खोटंही. 'एर झोल राउख गझेएन हाबन' म्हणजे पाहिला म्हणे त्याने. ही बातमी तिसऱ्याकडून आलेली. मात्र 'एर विल राउख गझेएन हाबन' यापासून लांब राहा. शब्दशः 'विल' म्हणजे इच्छा, पण इथे अर्थ होतो 'पाहिला असा त्याचा दावा आहे, आता आपण काय बोलणार'. त्या माणसाच्या इमानावर शंका घेतल्यासारखं होतं आणि युनियनपर्यंत गोष्ट जायला वेळ लागत नाही.

आता तुमचा कागद. एट-डीचा साचा मूळ फोर्डचा, ऐंशीच्या दशकातला, आणि तो आखणाऱ्यांनी तुमची अर्धी अडचण आधीच सोडवून ठेवलीय. डी-२ म्हणजे दोषाचं वर्णन, डी-४ म्हणजे मूळ कारण. डी-२ मध्ये डोळा, डी-४ मध्ये डोकं. तुमच्या एका वाक्याने हे दोन्ही रकाने एका उडीत ओलांडले होते. डी-२ मध्ये लिहा: 'बिल्ट ३ त्साइग्ट', फोटो ३ मध्ये रिंगच्या बाहेरच्या कडेवर अमुक लांबीचा, धारदार कडांचा छेद दिसतो. 'मान' नाही, 'झी' नाही, 'मीर' नाही. फोटोत मोजपट्टी येऊ द्या, नाहीतर लांबी पुन्हा तुमच्या एकटीच्या शब्दावर राहील. डी-४ मध्ये: 'दी शार्फं श्निटकांटं डॉयटेट आउफ आइनं बशेडिगुंग बाय देर मोंटाजं हिन', छेदाची धारदार कड बसवताना इजा झाल्याकडे बोट दाखवते. इथे बोट दाखवणारी चिरेची कड आहे, तुम्ही नाही, आणि 'हिनडॉयटन' या क्रियापदात निष्कर्षाला जागा ठेवलेली आहे. त्याखाली ग्राहकाला विनंती: तुमच्या असेंब्ली स्टेशनवर ज्या खोबणीत रिंग बसते तिच्या कडा तपासून कळवाल का? त्यांना तिथे बर, म्हणजे धातूची धारदार उरलेली किनार, सापडली तर पुढच्या पत्रात तेच लिहितील की त्यांना काय दिसलं. मग त्याच्या पुढच्या पत्रात तुम्ही 'गमाइनझाम' लिहा, हक्काने. सापडली नाही तर तुमचा तर्क कच्चा होता, आणि चाकणच्या मोल्डकडे पुन्हा पाहावं लागेल. तेही 'फोटो दाखवतो' या वाक्याला न बिघडवता करता येतं.

चाकणच्या सरांना वेगळी दिलगिरी लिहू नका, उगाच प्रकरण वाढेल. पुढच्या मेलमध्ये 'यू' प्रश्नात घालून पाठवा, त्यांना समजेल. फोनवर मराठीत बोलत असाल तर 'सर, आपण एकदा एकत्र बघूया का' पुरे; 'आपण'चा तो उपयोग ना इंग्रजीत आहे ना जर्मनमध्ये, तो असा ठेवणीत का ठेवायचा?

ग्राहकाशी ऑनलाइन बैठक झाली तर स्क्रीन शेअर करून 'झेएन झी माइनन बिल्टशिर्म?', माझा स्क्रीन दिसतोय का, हे विचारून होकार येईपर्यंत थांबा. त्यानंतर 'वी झी झेएन', तुम्हाला दिसतंच आहे, असं म्हणायला काहीच हरकत नाही, कारण आता ते खरोखर पाहत आहेत. फक्त पुढची स्लाइड डी-४ची असेल तर तिथे पोचताना हे शब्द मागे सोडा.